मोडलेला पाय आणि उभा घोडा

6 जुलै 1975 रोजी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्क रेसकोर्सवर दोनच घोडे धावणार होते. फुलिश प्लेझर हा त्या वर्षीच्या केंटकी डर्बीचा विजेता, आणि रफियन ही तीन वर्षांची, काळपट रंगाची घोडी. तोवर धावलेल्या दहाच्या दहा शर्यती तिनं मारल्या होत्या. मैदानात पन्नास हजारांच्या आसपास माणसं होती आणि त्याहून कितीतरी जास्त टीव्हीसमोर. पहिला अर्धा मैलही झाला नसेल, तोच रफियनच्या पुढच्या उजव्या पायातली, घोट्यामागची दोन छोटी हाडं तुटली. जॉकीनं लगाम खेचला तरी ती थांबेना. मोडक्या पायावर तशीच पळत राहिली.

त्या रात्री डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि पाय प्लास्टरमध्ये बसवला. इथवर सगळं जमलं होतं. मग भूल उतरू लागली. गाद्यांनी मढवलेल्या खोलीत कुशीवर पडलेली रफियन चारही पाय झाडू लागली, शर्यत अजून चालूच असल्यासारखी. जड प्लास्टर आपटून तिच्या कोपराचं हाड फुटलं, प्लास्टर सरकलं आणि मेहनतीनं सांधलेला पाय पुन्हा उघडा पडला. 7 जुलैच्या पहाटे तिला कायमचं झोपवण्यात आलं.

घोड्याच्या अस्थिशल्याची ओळख करून द्यायची तर सुरुवात या रात्रीपासून करावी लागते. पाय मोडला की घोड्याला गोळी घालतात, हे सिनेमा पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यावरून दोन समज पक्के झाले. एक, घोड्याचं हाड जुळतच नाही. दोन, घोडेवाल्यांना कमाई संपलेल्या जनावराची पर्वा नसते. दुसऱ्यात कधी कधी तथ्य असतं. पहिल्यात अजिबात नाही. घोड्याचं हाड माणसाच्या हाडासारखंच जुळतं. ते जुळवणारे शल्यवैद्य आहेत, पट्ट्या आहेत, स्क्रू आहेत, क्ष-किरण आहेत. घोडं पेंड खातं ते पुढे: जोडलेला पाय घेऊन या जनावराला त्याच दिवशी उठून उभं राहावं लागतं.

माणूस सहा आठवडे खाटेवर पडून राहतो. कुबड्या घेतो, घरच्यांना हाका मारतो. कुत्रं तीन पायांवर मजेत फिरतं. घोड्याला यातलं काहीच जमत नाही. साडेचारशे-पाचशे किलोंचा देह बराच वेळ एका कुशीवर राहिला तर खालचे स्नायू आणि नसा स्वतःच्याच वजनाखाली चेपतात, फुप्फुसांना नीट फुलता येत नाही. म्हणून घोडा दिवसाचा बहुतेक वेळ उभाच असतो आणि उभ्या उभ्या डुलकीही घेतो. त्याच्या पायांतल्या कंडरा आणि अस्थिबंधांची रचनाच अशी आहे की, फारसा जोर न लावता सांधे जागच्या जागी टेकून राहतात. गाढ झोपेसाठी तो आडवा होतो, पण थोडाच वेळ. मूळचा तो शिकार होणारा प्राणी. संकट आलं की पळायचं, आणि पळता येत नसेल तर आणखी घाबरायचं, हे त्याच्या रक्तातच आहे.

आता तो पाय जवळून पाहू. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला सगळे गुडघा म्हणतात, ते खरं तर त्याचं मनगट. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, ती टाच. म्हणजे घोडा आपल्या मधल्या बोटाच्या टोकावर उभा असतो आणि खूर हे त्या बोटाचं नख. मनगटाखाली नळीचं लांब हाड, मग घोट्याचा सांधा, त्याखाली खुराच्या वरचं आखूड तिरकं हाड. या संपूर्ण भागात मांस म्हणून नाही. हाड, कंडरा, अस्थिबंध आणि वरून ताणलेली कातडी, बस्स. वेगासाठी ही रचना नामी आहे, कारण पायाचं टोक हलकं राहतं आणि जड स्नायू वर खांद्यापाशी आणि मांडीपाशी राहतात. मोडलं की हीच रचना वैरी होते. अणकुचीदार तुकड्याला कातडी फाडून बाहेर यायला वेळ लागत नाही, आणि एकदा का तबेल्यातली धूळ-माती आत गेली की संसर्ग ठरलेला. शिवाय या भागाला रक्तपुरवठाही बेताचाच. उभ्या घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. भरधाव धावताना असा एक क्षण येतो की सगळा भार एकाच पायावर पडतो, तोही शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त.

वरची हाडं मोडली तर गोष्ट वेगळी, आणि बहुधा वाईट. मांडीचं किंवा खांद्याखालचं हाड तुटलं की भोवतालचे दांडगे स्नायू आकसतात आणि तुकडे एकमेकांवर चढवतात. तिथे प्लास्टर बसत नाही, फळी बांधता येत नाही. पूर्ण वाढलेल्या घोड्यात ही दोन हाडं आजही बहुतेक वेळा डॉक्टरांच्या हाताबाहेरची असतात. याउलट कोपराचं टोक मोडलं तर पट्टी लावून मोठा घोडाही चांगला बरा होऊ शकतो. म्हणून ‘घोड्याचा पाय मोडला’ एवढ्या वाक्यावर कोणताही जाणता डॉक्टर मत देत नाही. कोणतं हाड, किती तुकडे, कातडी शाबूत आहे का, सांध्यापर्यंत भेग गेली आहे का आणि जनावराचं वजन किती, हे तो आधी विचारतो.

वजनाचा प्रश्न तट्टांच्या बाजूचा आहे. 58 इंचांपर्यंत उंचीचं जनावर ढोबळमानानं तट्टू धरतात. त्यातली पुष्कळशी दोनशे-तीनशे किलोंच्या आसपास भरतात. शिंगरू तर त्याहून हलकं, आणि त्याची हाडं वाढीला लागलेली असल्यानं जुळतातही लवकर. पट्टी आणि स्क्रू ही सामग्री मुळात माणसासाठी घडवलेली. 1958 साली स्वित्झर्लंडमधल्या काही शल्यवैद्यांनी एकत्र येऊन ‘एओ’ हा गट स्थापन केला आणि मोडलेलं हाड धातूनं घट्ट दाबून धरण्याचं तंत्र शिस्तीत बसवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर बर्फावर घसरून पडलेला माणूस होता, अर्ध्या टनाचा घोडा नव्हे. पशुवैद्यांनी तीच हत्यारं उचलली आणि 1969 मध्ये त्या गटाची पशुवैद्यकीय शाखाही उभी राहिली. पण सत्तर किलोंच्या रुग्णासाठी घडलेली पट्टी पाचशे किलोंखाली वाकते, स्क्रू तुटतात. तट्टाच्या आणि शिंगराच्या बाबतीत हे गणित पुष्कळ सोपं होतं. शर्यतीच्या मोठ्या घोड्यात ज्याची आशा सोडावी लागते, तो नडगीच्या हाडाचा मोड शिंगरात दुरुस्त झाल्याची उदाहरणं म्हणूनच सापडतात.

शस्त्रक्रियेचा गाभा समजायला अवघड नाही. घोट्याच्या सांध्यातून नळीच्या हाडात वर चढत गेलेली भेग ही शर्यतीच्या घोड्यांची नेहमीची दुखापत. शल्यवैद्य अलीकडच्या तुकड्यात जरा मोठं भोक पाडतो, पलीकडच्या हाडात लहान. साडेचार किंवा साडेपाच मिलिमीटर जाडीचा स्क्रू अलीकडून सहज सरकतो, पलीकडे आटे धरतो आणि डोकं टेकलं की दोन्ही भाग एकमेकांवर आवळले जातात. कातडीला मोठा छेदही लागत नाही. क्ष-किरणांत पाहत लहान छिद्रांतून काम होतं. हाडाचा चुराडाच झाला असेल तर मात्र लांब पट्टी लागते. या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या नव्या पट्ट्यांत स्क्रूचं डोकंच पट्टीच्या भोकात आट्यांनी बसतं, त्यामुळे पट्टी आणि स्क्रू मिळून एकसंध सांगाडा होतो. घोड्याच्या अस्थिशल्यात या साध्या सुधारणेनं मोठा फरक पडला.

यश मिळालं त्या कहाण्या रफियनच्या आधीच्याही आहेत. इंग्लंडचा मिल रीफ 1971 मध्ये एप्सम डर्बी आणि पॅरिसची आर्क दे त्रियोंफ अशा दोन्ही शर्यती जिंकला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सकाळच्या रपेटीत त्याचा पुढचा डावा पाय मोडला. त्याला कुठे न हलवता किंग्जक्लेअरच्या तबेल्यातच तात्पुरतं शस्त्रक्रियागृह उभारलं गेलं आणि स्टीलची पट्टी नि स्क्रू लावून पाय सांधला गेला. मिल रीफ स्वभावानं शांत होता. प्लास्टर घातलेला पाय सांभाळत तो आठवडेच्या आठवडे निमूट उभा राहिला. पुढे पैदाशीसाठी न्यूमार्केटला गेला, आणि त्याच्या पोरांपैकी शर्ली हाइट्सनं 1978 ची, तर रेफरन्स पॉइंटनं 1987 ची डर्बी जिंकली. अमेरिकेत 1971 मध्ये हॉइस्ट द फ्लॅग या घोड्याचा मागचा पाय असाच मोडला आणि असाच वाचला. त्याचा मुलगा अलेज्ड यानं पुढे 1977 आणि 1978 अशी लागोपाठ दोनदा आर्क जिंकली. मिल रीफच्या जागी एखादा तापट घोडा असता तर तीच पट्टी आणि तेच हात पुरे पडले असते का, याची शंका रास्त आहे. घोड्याच्या डॉक्टरांच्या बोलण्यात स्वभावाचा विषय वारंवार येतो तो उगाच नव्हे.

हॉइस्ट द फ्लॅगवर उपचार करणाऱ्यांत झाक जेनी होते. मूळचे स्विस असलेले जेनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात घोड्यांची हाडं जोडण्याचं शास्त्र रुजवत होते. खरा घात भूल उतरताना होतो, हे त्यांनी ओळखलं होतं. भुलेतून उठणारा घोडा अर्धवट शुद्धीत, घाबरलेला असतो. तो पुन्हा पुन्हा झेप घेतो, पडतो, पुन्हा उठू बघतो. निरोगी पायही यात मोडतात. पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी भुलेशी निगडित घोड्यांचे मृत्यू सुमारे शेकडा एक या घरात जातात. माणसाच्या तुलनेत हा आकडा छाती दडपणारा आहे, आणि त्यातला मोठा वाटा या उठण्याच्या धडपडीचा. जेनींचा उपाय असा की घोड्याला पाण्यात जागं करायचं. ते स्वतः 1971 मध्येच वारले, पण त्यांची कल्पना विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या रुग्णालयात 1970 च्या दशकाच्या मध्यावर प्रत्यक्षात उतरली.

ते दृश्य पाहण्यासारखं असतं. बेशुद्ध घोडा छतावरच्या रुळाला टांगून आणतात. त्याला एका खास रबरी तराफ्यात बसवतात. तराफ्याला चार पायांसाठी चार लांब पिशव्या असतात, त्यामुळे पाय कोरडे राहतात आणि डोकं कडेवर टेकतं. मग अख्खा तराफा कोमट पाण्याच्या हौदात सोडतात. घोडा शुद्धीवर येतो, पाय मारतो, पण आपटायला काहीच नसतं. नीट भानावर आला की डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला झोळीतून वर उचलतात, रुळावरून तसाच त्याच्या ठाणापर्यंत नेतात आणि चारही खूर जमिनीला लागले की झोळी सोडतात. इतका खटाटोप फार थोड्या ठिकाणी परवडतो. इतरत्र डोक्याला आणि शेपटीला दोर बांधून, गाद्यांच्या खोलीबाहेरून माणसं ओढ देत घोड्याला उठायला मदत करतात. अलीकडे काही साध्या भेगांसाठी तर घोड्याला पूर्ण भूल देतच नाहीत. गुंगीचं औषध द्यायचं, पायाच्या नसा बधिर करायच्या आणि घोडा उभा असतानाच स्क्रू बसवायचे.

मे 2006 मध्ये बार्बरो न्यू बोल्टनला पोचला तेव्हा हे सगळं हाताशी होतं. दोनच आठवड्यांपूर्वी त्यानं केंटकी डर्बी साडेसहा लांबींनी जिंकली होती. 20 मे रोजी बाल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत, सुटल्यावर काही क्षणांतच, त्याच्या मागच्या उजव्या पायाची तीन हाडं मोडली. खुराच्या वरच्या तिरक्या हाडाचे तर वीसहून अधिक तुकडे झाले. जॉकी एडगर प्राडोनं त्याला तत्काळ थांबवलं आणि पायावर भार पडू नये म्हणून धरून ठेवलं. कातडी फाटली नव्हती, हे मोठंच नशीब. दुसऱ्या दिवशी डीन रिचर्डसन यांनी तासन् तास चाललेल्या शस्त्रक्रियेत नव्या प्रकारची पट्टी आणि 27 स्क्रू लावून तो चुराडा एकत्र आणला. बार्बरो हौदात शांतपणे जागा झाला आणि आपल्या ठाणात जाऊन गवत खाऊ लागला. तरीही रिचर्डसन यांनी जगण्याची शक्यता निम्मी-निम्मीच सांगितली. लोकांना तो विनय वाटला असेल. तो हिशेब होता.

जुलैमध्ये तो हिशेब समोर आला, आणि मोडलेल्या पायात नव्हे, तर डाव्या, धडधाकट पायात. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला पाच-सहाशे पातळ पापुद्र्यांनी जोडलेलं असतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला आणखी शंभराहून अधिक बारीक पापुद्रे असतात. घट्ट बसलेल्या दोन कंगव्यांसारखे ते एकमेकांत अडकलेले असतात आणि घोड्याचं वजन अक्षरशः त्यांच्यावर टांगलेलं असतं. त्यांना रक्त मिळायचं तर पायावरचा भार सतत कमी-जास्त व्हावा लागतो. चालणं, पाय बदलणं यानं तो होतो. दुखरा पाय वाचवायला घोडा तासन् तास दुसऱ्या पायावर रेलला की तिथलं रक्ताभिसरण मंदावतं, पापुद्रे सुटू लागतात आणि हाड खुरात खाली घसरतं. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो किती दुखतो, हे झालेल्या घोड्याच्या उभं राहण्याच्या तऱ्हेवरून न सांगता कळतं. बार्बरोच्या डाव्या खुराची सुमारे ऐंशी टक्के भिंत कापून काढावी लागली. त्यानंतरही तो महिनोन् महिने टिकला, नोव्हेंबरात उजव्या पायाचं प्लास्टरही निघालं. जानेवारीत डावा खूर पुन्हा बिघडला, उजव्या तळव्यात गळू झालं आणि अखेर पुढच्या दोन्ही खुरांनीही दगा दिला. टेकायला एकही चांगला पाय उरला नाही. 29 जानेवारी 2007 रोजी त्याला निरोप देण्यात आला. मोडलेलं हाड तोवर बऱ्यापैकी जुळत आलं होतं.

बार्बरोमुळे लॅमिनायटिसच्या संशोधनाकडे पैसा आणि लक्ष दोन्ही वळलं, हे खरं. पण या एकाच कहाणीवरून विषयाला हात लावू नये असं कुणी ठरवलं तर तो अन्याय होईल. पर्सनल एन्साइन या घोडीच्या मागच्या पायातलं तेच तिरकं हाड 1986 मध्ये मोडलं होतं. तिथे चुराडा नव्हता. लॅरी ब्रॅमलेज यांनी पाच स्क्रू लावले. पुढच्या वर्षी ती मैदानात परतली आणि 1988 मध्ये, तेराव्या नि शेवटच्या शर्यतीत, त्या वर्षीची डर्बी जिंकलेल्या विनिंग कलर्सला नाकाच्या अंतरानं हरवून कारकिर्दीत एकदाही न हरता निवृत्त झाली. हाड तेच, पाय मागचाच. फरक होता तो तुकड्यांच्या संख्येत.

पाय वाचवता येत नाही, तेव्हा कापावा का, हा प्रश्न तट्टांनी पुढे आणला. मॉली नावाचं तट्टू 2005 च्या कतरिना वादळातून बचावलं आणि नंतर एका कुत्र्यानं त्याचा पुढचा पाय फाडला. हाड मोडण्याची ही घटना नव्हती, पण पाय सडू लागला होता. लुइझियाना राज्य विद्यापीठातल्या शल्यवैद्यांच्या लक्षात आलं की हे जनावर स्वतःहून आडवं होऊन विश्रांती घेतं, भार एका पायावरून दुसऱ्यावर फिरवतं, माणसांना त्रास देत नाही. त्यांनी गुडघ्याखाली पाय कापून कृत्रिम पाय बसवला आणि मॉली त्यावर चालू लागली. दहा वर्षांनी, 14 मार्च 2016 रोजी, डेहराडूनच्या एका मोर्चात पोलिस दलातल्या शक्तिमान या घोड्याचा मागचा पाय मोडला. जखम उघडी होती, सडू लागली, पाय कापावा लागला. कृत्रिम पायही लावून पाहिला. देशभरातून विचारपूस होत राहिली, पण 20 एप्रिलला शक्तिमान गेला. दोघांच्या वजनात, जखमेत आणि कोणता पाय गेला यात जो फरक होता, त्याकडे त्या वेळच्या बातम्यांनी फारसं पाहिलं नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. हिवाळ्यात महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला शर्यती होतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. माथेरानात मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढची रपेट आजही तट्टाच्या पाठीवर होते. लग्नाच्या वरातीतली घोडी तर गावोगाव. रेसकोर्सवरच्या घोड्याला डॉक्टर हाकेच्या अंतरावर मिळतो. बाकीच्यांचं भवितव्य मालकाच्या किंवा मोतद्दाराच्या हातात असतं आणि ते पहिल्या तासात ठरतं. म्हणून घोडा पाळणाऱ्यानं हे एवढं तरी वाचावं.

पहिली गोष्ट, घोड्याला चालवू नये. ‘चार पावलं टाकून बघू’ या चार पावलांत आतलं टोक कातडीबाहेर येतं आणि दुरुस्त होण्याजोगा पाय कायमचा जातो. डॉक्टरला फोन करून पायाला भरपूर कापूस गुंडाळावा, प्रत्येक थर पट्टीनं करकचून आवळावा, मग पुढचा थर. पाय मूळच्या जाडीच्या तिप्पट दिसू लागला तरी हरकत नाही. त्यावरून लाकडी फळी किंवा उभा चिरलेला पीव्हीसीचा पाइप बांधावा, मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरून. मोड मनगटाच्या वर असेल तर बाहेरच्या बाजूची फळी थेट खांद्यापर्यंत न्यावी लागते. दुखणं थांबवण्यासाठी गुंगीचं औषध डॉक्टरनंच द्यावं, कारण जास्त झालं की घोडा त्या पायावर कोलमडतो. आणि गाडीत चढवताना पुढचा पाय मोडला असेल तर तोंड मागच्या बाजूला, मागचा मोडला असेल तर पुढच्या बाजूला करून उभं करावं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की भार चांगल्या पायांवर गेला पाहिजे.